लॅपटॉपचा कीबोर्ड ‘गेला’ म्हणून लगेच पैसे भरू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय, पण जमलं तर पूर्ण छापा. अर्धं कापलं तर ज्याला उपयोग व्हायचा त्याच्या कामाचा भागच नेमका जायचा.

मी चिपळूणला टायपिंगचा क्लास चालवते, वीसेक वर्षं झाली. आधी लोखंडी मशीन होती, आता कॉम्प्युटर आहेत, परीक्षा परिषदेच्या जीसीसी टीबीसी या टायपिंगच्या परीक्षेला मराठी ३० आणि ४० (मिनिटाला तेवढे शब्द) साठी माझी मुलं बसतात. दिवसभर समोर कीबोर्डच, त्यामुळे ओळखीत कोणाच्याही लॅपटॉपची बटणं चालेनाशी झाली की फोन मला येतो, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत जे बघतेय त्यानं राहवत नाहीये म्हणून हे लिहितेय. लोक चांगल्या कीबोर्डाच्या दुरुस्तीचे पैसे भरतायत. शिकणाऱ्या पोरांचे आईबाप भरतायत, ज्यांनी लॅपटॉपच मुळात हप्त्यावर घेतलाय.

जूनमधली गोष्ट. गुहागरकडच्या एका गावातून एसटीनं येणारी माझी एक विद्यार्थिनी आहे, हुशार आणि मेहनती, घरी प्रॅक्टिस करता यावी म्हणून वडलांनी लॅपटॉप घेऊन दिला. एका संध्याकाळी सराव करता करता सगळा कीबोर्ड एकदम बंद. टचपॅड चालतंय, स्क्रीन चालतेय, पण एक अक्षर उमटेना. रात्रभर बंद ठेवला, सकाळी चालू केला, तेच. वडील दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून दुकानात घेऊन गेले, दुकानदारानं दोन बटणं दाबून बघितली आणि सांगितलं कीबोर्ड गेला, पॅनेलसकट बदलावा लागेल, ६२०० रुपये, पार्ट मुंबईहून येईल, आठ दिवस लागतील. पाचशे रुपये ॲडव्हान्स घेतला. पोरगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली, तोंड एवढंसं झालेलं, म्हणाली बाई, आठ दिवस क्लासमधला एखादा जुना कीबोर्ड मिळेल का जोडायला.

मी तिचा लॅपटॉप उघडला, वर्ड चालू केलं आणि ‘क’ चं बटण दाबून तसंच धरून ठेवलं. एखादा सेकंद काही नाही, आणि मग आला की ‘क’. दुसरं बटण धरलं, तेही आलं. सगळीच बटणं येत होती, फक्त प्रत्येक बटण थोडा वेळ दाबून धरावं लागत होतं. कीबोर्ड ठणठणीत होता. विंडोजमधली फिल्टर कीज नावाची एक सोय चालू झाली होती, ती बंद केली, एक मिनिट लागलं. ती पोरगी तिथंच रडायला लागली आणि खरं सांगते मलाही भरून आलं, कारण ते ६२०० रुपये म्हणजे त्या घरात काय असतात ते मला माहितीये.

आता हे झालं कसं ते नीट सांगते, कारण मराठी टायपिंग शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे होणं अगदी साहजिक आहे आणि कोणी त्यांना सांगतच नाही. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये, म्हणजे मराठी अक्षरांच्या बटणांवरच्या एका ठरलेल्या मांडणीत, अ आ इ ई उ ऊ ए ऐ ओ औ हे स्वर डाव्या हाताच्या बटणांवर येतात आणि शिफ्ट दाबूनच येतात. आणि डाव्या हाताचं अक्षर असेल तर शिफ्ट उजव्या करंगळीनं धरायचं, हा नियम आम्हीच पहिल्या आठवड्यात घटवून घेतो. म्हणजे ‘आई’ टाइप करायचं तर उजवं शिफ्ट, ‘एक’ ला उजवं शिफ्ट, ‘आणि’, ‘उद्या’, ‘असं’ सगळ्याला उजवं शिफ्ट. नवीन मूल काय करतं, करंगळी शिफ्टवर ठेवून देतं आणि मग आ कुठे होता, ई कुठे होती ते शोधत बसतं. तेवढ्यात आठ सेकंद होतात. उजवं शिफ्ट सलग आठ सेकंद दाबलेलं राहिलं की विंडोज बीप करतं आणि फिल्टर कीज चालू करायच्या का असं विचारणारी चौकट येते. मुलाची नजर पुस्तकातल्या उताऱ्यावर, लॅपटॉपचा आवाज बंद, आणि पुढचं स्पेस नाहीतर एंटर दाबलं की त्या चौकटीतलं ‘होय’ दाबलं जातं. झालं. त्यानंतर पटापट दाबलेलं एकही बटण विंडोज घेत नाही, त्याला वाटतं चुकून हात लागला असेल. जितक्या जोरात आणि जितक्या भराभर तुम्ही बटणं आपटाल तितका कीबोर्ड जास्त मेल्यासारखा वाटतो.

ही सोय वाईट आहे असं माझं बिलकुल म्हणणं नाही. ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना कंपवात आहे, त्यांच्यासाठी ती आहे आणि ती असायलाच हवी. पण ज्याला ती नकोय त्याला ती बंद करता आली पाहिजे. उजवं शिफ्ट परत आठ सेकंद धरलं की जाते, किंवा सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, तिथं फिल्टर कीज बंद करायच्या, विंडोज १० असेल तर त्या जागेला ईझ ऑफ ॲक्सेस म्हणतात. त्याच ठिकाणी शिफ्टचा तो शॉर्टकटही बंद करून टाका म्हणजे परत होणार नाही. माझ्या क्लासमधल्या प्रत्येक मशीनवर मी तो आता बंद केलाय आणि बाकीच्या टायपिंग क्लासवाल्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे की पहिल्या दिवशी मुलांना शिफ्ट शिकवता तेव्हाच हे पण शिकवा.

मग बाकीच्या वेळी काय. सगळेच काही फिल्टर कीज नसतात. पण पहिला प्रश्न कायम एकच असतो, बिघाड बटणांत आहे की विंडोजमध्ये? आणि याचं उत्तर घरी बसून, एक रुपया न खर्च करता मिळतं, हेच लोकांना माहिती नाही.

सगळ्यात आधी लॅपटॉप रीस्टार्ट करा, शटडाउन नाही, रीस्टार्ट. यात फरक आहे. लोक म्हणतात बाई दहा वेळा बंद करून चालू केला, पण २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा आतला गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो, म्हणजे आत काही अडकलं असेल तर ते तसंच्या तसं परत येतं. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. रात्रभर बंद ठेवून जे झालं नाही ते एका रीस्टार्टनं झालेलं मी कितीतरी वेळा बघितलंय.

पासवर्डच टाइप होत नसेल आणि आतच जाता येत नसेल तर घाबरू नका, लॉक स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात खाली माणसासारखं एक चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून ऑनस्क्रीन कीबोर्ड उघडा आणि माऊसनं पासवर्ड टाका. किंवा कोणाचा तरी यूएसबी कीबोर्ड मागून आणा. तो बहुतेक वेळा लगेच चालतो आणि लोकांना आश्चर्य वाटतं की हा चालतो मग तो का नाही. कारण दोघांचे रस्ते वेगळे आहेत. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड एका पातळ चपट्या रिबननं मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटला, जोडलेला असतो, तिथं एक छोटी चिप असते, एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, ती बटणं वाचते आणि बऱ्याचशा लॅपटॉपमध्ये विंडोजला सांगते की हा पीएस/टू कीबोर्ड आहे. पीएस/टू म्हणजे आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेली ती गोल पिनवाली पद्धत, आमच्या पहिल्या कॉम्प्युटरना तेच जांभळे आणि हिरवे गोल प्लग होते. प्लग गेले पण ती भाषा लॅपटॉपच्या आत अजून चालू आहे. म्हणून यूएसबी कीबोर्ड चालला याचा अर्थ आतला कीबोर्ड खराबच आहे असा होत नाही, हे लक्षात ठेवा, कारण दुकानात हाच पुरावा म्हणून दाखवतात.

खरा पुरावा बायोसमध्ये मिळतो. बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीची जी निळी-काळी सेटिंगची स्क्रीन असते ती. लॅपटॉप चालू करताना एफ टू किंवा डिलीट किंवा एफ टेन, कंपनीप्रमाणे बटण वेगळं, ते दाबत राहायचं. आतल्या कीबोर्डानं होत नसेल तर यूएसबी कीबोर्डानं जा, तोही नसेल तर विंडोजमधून माऊसनं जाता येतं, सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, त्यात ॲडव्हान्स्ड स्टार्टअप, आणि पुढे यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज, म्हणजे बायोसच. तिथं पोचलात की लॅपटॉपच्या स्वतःच्या बटणांनी खालीवर जाऊन बघा. बाण चालले, एंटर चाललं, तर तुमचा कीबोर्ड, रिबन, चिप सगळं जागेवर आहे असं समजायला हरकत नाही, बिघाड विंडोजच्या बाजूला आहे आणि त्याला कुठलाही पार्ट लागत नाही. हे पाच मिनिटांचं काम आहे. हे न करता जो कोणी तुम्हाला नवीन कीबोर्डाचा भाव सांगतो त्यानं निदान केलेलंच नाही, त्यानं फक्त भाव सांगितलाय.

बायोसमध्ये चालतोय आणि विंडोजमध्ये नाही असं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये (लॅपटॉपच्या भागांची विंडोजमधली यादी) जाऊन कीबोर्ड्स या खाली जे स्टँडर्ड पीएस/टू कीबोर्ड दिसतं ते राइट क्लिक करून अनइन्स्टॉल करायचं आणि रीस्टार्ट करायचं, विंडोज ते आपोआप परत बसवतं. कीबोर्डच काढून टाकतोय असं वाटून लोक घाबरतात पण काही होत नाही, फक्त एक यूएसबी कीबोर्ड हाताशी ठेवा. हे कधीपासून सुरू झालं तेही आठवा, आदल्या दिवशी अपडेट आलं होतं का. अपडेटनं असं होऊ शकतं, हे काही माझ्या मनाचं नाही. १४ ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटनंतर विंडोज ११ च्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी कीबोर्ड आणि माऊस चालेनासे झाले होते आणि मायक्रोसॉफ्टला २० ऑक्टोबरला खास वेगळं अपडेट काढून ते दुरुस्त करावं लागलं. त्या आठवड्यात किती जणांनी आपला कीबोर्ड बिघडला असा समज करून घेतला असेल.

आणि बायोसमध्येही चालत नसेल तरी लगेच हार मानू नका. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी बाहेर निघणारी असेल तर ती काढा, आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग चार्जर लावून चालू करा. ती जी चिप सांगितली ना, ती लॅपटॉप बंद असला तरी चालूच असते, कधीकधी तीच अडकते आणि अशानं ती मोकळी होते. वीज सारखी ये-जा करते तिथं तर हे हमखास करून बघावं, आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाते.

एक-दोन साध्या गोष्टी राहिल्या. यू आय ओ दाबलं की ४ ५ ६ येतंय, जे के एल दाबलं की १ २ ३ येतंय अशी तक्रार घेऊन एक शिक्षक आले होते, छोट्या लॅपटॉपवर नमलॉक चालू झालं की असं होतं, बंद करा, संपलं. पासवर्ड चुकीचा सांगतोय तर कोपऱ्यात भाषा मराठी झालीये का बघा, विंडोजचं बटण आणि स्पेस एकदम दाबलं की भाषा बदलते.

आता खरंच गेलेला कीबोर्ड कसा ओळखायचा. आठवड्यापूर्वी शेजारचे काका आले, त्यांच्या लॅपटॉपवर मोजकीच सात-आठ बटणं बंद, बाकी सगळी चालू, आणि ती सात-आठ बटणं शेजारी शेजारीही नाहीत, इकडे एक तिकडे एक. हे बघितलं की मी समजते, पार्टच गेलाय. कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि एका रेघेवर बरीच बटणं असतात. आमच्याकडे पोफळीच्या बागेत पाटानं शिंपणं करतात तसं, पाट मध्येच फुटला की पुढची सगळी झाडं कोरडी, झाडांचा दोष काही नाही. तशी एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात. विचारलं, काका काही सांडलं होतं का, आधी नाही म्हणाले, मग म्हणाले पंधरा दिवसांपूर्वी थोडा चहा. आणि चहा सांडल्यावर त्यांनी लॅपटॉप दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवला होता. हे तांदळाचं कोणी पसरवलंय माहीत नाही पण कृपा करून थांबवा. तांदूळ साखर आणि दूध बाहेर ओढत नाही, ते आत चिकटून राहतं आणि हळूहळू त्या रेघा खातं. सांडलं की त्या क्षणी पॉवरचं बटण दाबून बंद करा, फाइल सेव्ह करत बसू नका, चार्जर काढा, लॅपटॉप उघडा ठेवून पालथा घाला म्हणजे पाणी मदरबोर्डाकडे जाणार नाही, आणि तसाच उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. चालू करून बघायचा मोह आवरा, नुकसान त्यानंच होतं.

हे मला पुरानं शिकवलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा माझा क्लास तळमजल्यावर होता, पाणी पंख्यापर्यंत गेलं. ओसरल्यावर दार उघडलं तर सगळी मशीन चिखलात. कॉम्प्युटर गेले, ते गेलेच. पण कीबोर्ड फेकायला मन होईना, स्क्रू काढून एकेक उघडला. आत तीन पातळ प्लॅस्टिकचे कागद असतात, वरच्या आणि खालच्या कागदावर रेघा, मधल्याला भोकं, बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते, एवढंच. गोड्या पाण्यानं धुतले, गच्चीवर सावलीत दोरीवर वाळत घातले, आठवडा गेला. चौदा कीबोर्ड धुतले त्यातले नऊ चालले आणि त्याच नऊ कीबोर्डांवर मी क्लास परत सुरू केला. लॅपटॉपच्या कीबोर्डाचं तसं करता येत नाही, तो फार पातळ असतो आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर तो प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या ठिपक्यांनी वरच्या पॅनेललाच चिकटवलेला असतो. दुकानदार सी पॅनेल म्हणतात ते. म्हणून शंभर ग्रॅमच्या वस्तूसाठी सगळं पॅनेल बदलावं लागतं आणि बिल वाढतं. इथं दुकानदाराची चूक नाही, बनवणाऱ्यांची आहे. दहा-बारा स्क्रू लावले असते तर गल्लीतल्या कुठल्याही कारागिरानं तो अर्ध्या तासात बदलला असता.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपचं स्पेसबार आणि त्याच्या वरची ओळ मागच्या वर्षी नीट दबेना. परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस, मला वेळ नव्हता, म्हणून नेहमीसारखं स्वतः न बघता एका दुकानात दिला. त्यांनी नवीन कीबोर्ड टाकला, ४८०० रुपये घेतले. तीन आठवड्यांत परत तेच, आणि आता टचपॅडही वर आलेलं, लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुगडुगतोय. खालचं झाकण उघडलं तर बॅटरी पावासारखी फुगलेली. माझ्या लॅपटॉपमध्ये टचपॅड आणि कीबोर्डाच्या खालीच बॅटरी आहे, ती फुगून वर ढकलत होती म्हणून बटणं दबत नव्हती. त्या दुकानात तो लॅपटॉप पूर्ण उघडला होता, बॅटरी काढल्याशिवाय कीबोर्ड निघतच नाही त्या मॉडेलचा, म्हणजे फुगलेली बॅटरी कोणीतरी हातात घेतली आणि परत तिथंच बसवून दिली. लिथियमची फुगलेली बॅटरी पेटू शकते. माझा लॅपटॉप क्लासमध्ये, मुलांच्या मध्ये, दिवसभर चार्जिंगला असायचा. मला आजही ते आठवलं की झोप लागत नाही.

म्हणून सांगते, बटणं दबत नसतील, कीबोर्डाचा मधला भाग फुगीर वाटत असेल, टचपॅड वर आलं असेल, झाकण नीट मिटत नसेल, तर बाकी कुठलीही चाचणी करू नका. चार्जर काढा, बंद करा, दाबून सपाट करायला जाऊ नका, टाचणी तर लांबच ठेवा, आणि बॅटरी बदलून घ्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, बॅटरीच्या कचऱ्यासाठी २०२२ चे नियम आहेत, ती परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा.

दुकानदारांवर मला सरसकट आरोप करायचा नाहीये. पुरानंतर आमच्या इथल्या दोन-तीन कारागिरांनी लोकांच्या मशीन रात्र रात्र बसून साफ केल्या, काहींनी पैसे पण घेतले नाहीत, ते मी विसरणार नाही. पण जे चाललंय ते बदलायला पाहिजे. दुरुस्तीला लॅपटॉप घेतला की ग्राहकासमोर बायोसमध्ये कीबोर्ड चालतो का ते दाखवा आणि पावतीवर लिहा, बायोसमध्ये चालतो, किंवा चालत नाही. एका ओळीचं काम आहे. काढलेला जुना पार्ट ग्राहकाला परत द्या. बॅटरी बघितली का, ते पण लिहा. आणि ग्राहकांनी हे मागून घ्या, मागितल्याशिवाय मिळत नाही. त्या पोरीच्या वडलांचे पाचशे रुपये परत मिळाले नाहीत, दुकानदार म्हणाले पार्टची ऑर्डर दिली होती, ऑर्डरचा कागद दाखवा म्हटलं तर कागद नाही. मी वडलांना १९१५ वर फोन लावायला सांगितला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. पाचशे रुपयांसाठी कशाला म्हणून लोक सोडून देतात, पण पाचशे रुपयांसाठीच करायला पाहिजे.

आणि लावून धरलं की होतं. ॲपलसारख्या कंपनीनं २०१५ मध्ये पातळ बटरफ्लाय कीबोर्ड आणला, धुळीचा कण गेला तरी बटण अडकायचं, लोकांनी एवढा आवाज उठवला की जून २०१८ मध्ये त्यांना ठरावीक मॉडेलसाठी खरेदीपासून चार वर्षांपर्यंत फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली, २०१९ च्या अखेरीस १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये ते जुन्या कात्रीसारख्या रचनेकडे परत वळले, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात ५ कोटी डॉलर द्यायची तडजोड करावी लागली. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप विकताना तो दुरुस्त करायला किती सोपा आहे याचे दहापैकी गुण दाखवावे लागतात. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलंय, चांगलं आहे, पण पोर्टलवर कंपनीची माहिती असणं वेगळं आणि दुकानात खोक्यावर गुण छापलेले असणं वेगळं. गुहागरचा बाप दुकानात उभा राहून लॅपटॉप घेतो तेव्हा त्याला कळलं पाहिजे की याचा कीबोर्ड एकटा बदलता येतो की अख्खं पॅनेल जातं. तो आकडा खोक्यावर पाहिजे, मराठीत पाहिजे.

आपल्या पेपरला माझी एक विनंती आहे. शेतीचं, आरोग्याचं, भविष्याचं सदर असतं तसं आठवड्यातून एकदा पाव पान या असल्या गोष्टींना द्या. इंग्रजीत हे सगळं मिळतं, मराठीत मिळत नाही, आणि ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे ती माणसं मराठीच वाचतात. सुरुवात उजव्या शिफ्टपासून करा.

माझा क्लास रविवारी सकाळी दहा ते एक रिकामा असतो. चिपळूण, गुहागर, खेड भागातल्या ज्या विद्यार्थ्यांचा लॅपटॉपचा कीबोर्ड चालत नाहीये त्यांनी दुकानात जायच्या आधी एकदा घेऊन यावा, बायोसमध्ये बघून देईन, पैसे घेणार नाही. चार्जर आणा, आणि काही सांडलं असेल तर खरं सांगा.

आपली,
एक टंकलेखन शिक्षिका,
चिपळूण